लावणी गेली, पावसाळा राहिला

जूनमधली पहिली मोठी सर आली की तळोजा, घोट, नावडे, पेंधर, वलप या पट्ट्यातली कबड्डीची मातीची मैदाने एका रात्रीत निकामी होतात. चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा वाहून जातात. मध्यरेषा कुठे होती हे सांगायला पायांनी तुडवून घट्ट झालेला एक पट्टा तेवढा उरतो, आणि रात्रीच्या सामन्यांचे दिव्यांचे खांब कुणाच्या तरी पडवीत आडवे पडतात. टेनिस चेंडूच्या क्रिकेटचेही तेच. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे मैदान पुन्हा हाती लागते ते दिवाळीच्या सुमारास. मधल्या काळात खेळाडूच्या अंगात काय बदल झाला हे पहिल्याच सरावाला कळते. दुसऱ्या-तिसऱ्या चढाईला दम तुटतो, खाली वाकून घोटा धरायला गेलेला हात अर्ध्यावरून परत येतो, आणि काट्यावर उभे राहिले की आकडा मे महिन्यापेक्षा काही किलोंनी पुढे गेलेला असतो. यावर दोनच उत्तरे ऐकू येतात. एक म्हणजे पोरे आळशी झाली. दुसरे म्हणजे जिम लावा. दोन्ही उत्तरे मूळ दुखण्याला हात घालत नाहीत. या भागात बिगरहंगाम ही कधीच विश्रांतीची मुदत नव्हती. खेळाचे वेळापत्रक शेतीच्या वेळापत्रकाला शिवलेले होते. शेती गेली, शिवण उसवली आणि पावसाळ्याचे चार महिने पहिल्यांदाच रिकामे पडले. ते कशाने भरायचे हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपण समजतो त्यापेक्षा बरेच स्वस्त आहे.

आगरी-कोळी गावांत कबड्डी, म्हणजे जुन्या माणसांची हुतूतू, भात घरात आल्यावर रंगायची, कारण तेव्हा शेतही मोकळे असायचे आणि माणसेही. पावसाळ्यात दोन्ही गुंतलेली. मृगाच्या पावसावर राबात पेरणी, मग चिखलणी, मग लावणी, पुढे बेणणी, आणि दसरा-दिवाळीच्या आगेमागे कापणी व झोडणी. यातली लावणी जवळून पाहावी. माणूस कमरेतून वाकलेला, गुडघे किंचित दुमडलेले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचा अंगठा रोपाच्या मुळाशी टेकून ते चिखलात दाबायचे आणि एक पाऊल मागे सरकायचे. ते पाऊल उचलताना चिखल पाय सोडत नाही. प्रत्येक वेळी तो मांडीच्या आणि कुल्ल्याच्या जोरावर उपसून काढावा लागतो. दिवसभरात असे हजारो वेळा. आता कोपरारक्षकाची उभी राहण्याची ठेवण आठवा: कमरेतून वाकलेला, गुडघे दुमडलेले, वजन पायाच्या पुढच्या भागावर, हात जमिनीलगत. तेच स्नायू, जवळजवळ तीच ठेवण. जुन्या खेळाडूने पावसाळ्यात 'सराव' केला नसेल, पण ज्या अंगांनी तो खेळायचा ती अंगे रिकामी बसली नव्हती. त्यातही कामाची चढ-उतार आपोआप बसलेली होती. जुलैत जड काम, श्रावण-भाद्रपदात थोडे सैल, आणि ऑक्टोबरात विळा हातात घेऊन पुन्हा महिनाभर जोराची मेहनत. कापणी-झोडणीचा तो महिना म्हणजे आजचे प्रशिक्षक ज्याला हंगामपूर्व तयारी म्हणतात तीच होती.

हे मोडले त्याचा इतिहास पनवेल तालुक्यात कुणाला नव्याने सांगायला नको. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. तळोज्यात औद्योगिक वसाहत आली. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान परिसरात जमिनीच्या आंदोलनात पाच जणांचे बळी गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क पदरात पडला. त्या लढ्यात मोबदल्याचा हिशेब झाला, तो व्हायलाच हवा होता. पण जमिनीबरोबर वर्षातले काही महिने राबणारे शरीरही गेले, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. बायकांच्या बाबतीत तो जास्त मोठा आहे, कारण लावणी आणि बेणणीचा मोठा भार त्यांच्याच पाठीवर असे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात साधारण दर चार प्रौढांपैकी एकाचे वजन जास्त निघाले, आणि त्यात पुरुष व स्त्रिया जवळजवळ बरोबरीने आहेत. वाढलेले वजन हे आता केवळ खात्यापित्या शहराचे लक्षण राहिलेले नाही.

इथे एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पॉन्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये टांझानियातल्या हाद्झा या शिकारी-संकलक लोकांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला. दिवसभर पायपीट करणाऱ्या या लोकांचा खर्च शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यावर शहरी अमेरिकी माणसाइतकाच निघाला. अंगमेहनत वाढली की शरीर दुसरीकडे काटकसर करते, असा त्याचा अर्थ लावला जातो. तसे असेल तर लावणी गेली म्हणून वजन वाढले, हे म्हणणे लंगडे पडते. हा आक्षेप अर्धा मान्य करायलाच हवा. वजन कमी करण्यात ताटाचा वाटा पायांपेक्षा मोठा आहे. ऐंशी किलोचा खेळाडू पाच किलोमीटर पळाला तर साधारण ४०० कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावात ३०० च्या आसपास असतात. पळून ताटावर मात करता येत नाही. पण मेहनतीचे काम फक्त जाळण्याचे नसते. बंगालमधल्या लडलो ताग गिरणीत जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गिरणीतल्या आणि तिच्या आवारातल्या २१३ पुरुषांचे काम, आहार आणि वजन त्यांनी ताडून पाहिले. हलके ते जड काम करणाऱ्यांमध्ये कामाबरोबर आहार वाढत होता आणि वजन जवळपास स्थिर होते. दुकानात किंवा टेबलाशी बसून असणारे मात्र हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि त्यांचेच वजन सर्वांत जास्त होते. शरीराची हालचाल एका पातळीच्या खाली गेली की भुकेचा काटा बिघडतो, असे मेयरांचे म्हणणे. एका गिरणीच्या एका पाहणीवरून सगळे सिद्ध होत नाही हे खरे. पण तळोज्याच्या कारखान्यात पॅनेलसमोर आठ तास बसणाऱ्या आणि पावसामुळे संध्याकाळी घराबाहेर न पडणाऱ्या खेळाडूला हे वर्णन नेमके लागू पडते. त्याच्या ताटातला भात लावणीच्या दिवसांतल्या मापाचाच असतो. उणी पडते ती भुकेला लगाम घालणारी मेहनत.

मेहनत पूर्ण थांबली तर शरीर किती लवकर उतरते, याचा सगळ्यात धक्कादायक पुरावा अमेरिकेतल्या डॅलस शहरातला आहे. १९६६ मध्ये तिथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता, म्हणजे ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात ती, पाव हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा तीन दशकांच्या वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. अर्थात पावसाळ्यात कुणी अंथरुणात पडून राहत नाही. सराव बंद केलेल्या पण हिंडत्या-फिरत्या खेळाडूंमध्ये पहिल्या चार आठवड्यांत ही क्षमता साधारण चार ते चौदा टक्क्यांनी उतरते. ताकद थोडी जास्त टिकते, महिनाभर तरी फारसा फरक दिसत नाही. म्हणजे दम आधी जातो, जोर नंतर.

आता आशेची बाजू, आणि ती आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने १९८०च्या दशकात एक साधा प्रश्न घेतला: कमावलेला दम टिकवायला किती मेहनत लागते? लोकांना दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे कसून व्यायाम करायला लावला. मग पुढचे पंधरा आठवडे काहींचे दिवस चारवर आणले, काहींचे दोनवर. व्यायामाची तीव्रता तीच ठेवली, तर आठवड्यातले दोन दिवसही दम टिकवायला पुरले. दुसऱ्या प्रयोगात दिवस तेच ठेवून वेळ चाळीस मिनिटांवरून तेरापर्यंत खाली आणला, तरी व्हीओटू मॅक्स टिकला. पण तीव्रता घटवली तेव्हा तो घसरला. ताकदीबद्दलही असेच: २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार महिने वजनांचा व्यायाम केलेल्या तरुणांनी पुढचे आठ महिने आठवड्याला एकाच सत्रावर आपले स्नायू आणि जोर राखला. कमवायला जेवढे कष्ट लागतात त्याच्या एका तुकड्यावर ते राखता येते. पंधरा आठवडे म्हणजे मध्य जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, जवळजवळ आपला अख्खा पावसाळा. आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटे, पण छाती भरून येईल अशी मेहनत, आणि एकदा जोर-बैठकांचे किंवा वजनांचे जड सत्र. एवढ्याने राखण होते. रोज तासभर संथ फिरणे प्रकृतीला चांगलेच, मात्र चढाईचा दम त्याने टिकत नाही. पावसाळ्यात बहुतेक खेळाडू नेमके उलटे करतात. काहीच न करण्याचा अपराध मनाला लागू नये म्हणून हलके पुष्कळ करतात आणि जड सोडून देतात.

शरीराला विश्रांती नको का, असे जुने प्रशिक्षक विचारतात आणि त्यांचे बरोबर आहे. नोव्हेंबर ते मे रात्री-अपरात्री सामने, एका रात्रीत तीन-चार सामने, कडक जमिनीवर पडणे, सुजलेले घोटे, मुरगळलेले खांदे. त्यांना मोकळीक हवीच. जूनचे पहिले दोन-तीन आठवडे पूर्ण सुट्टी घ्यावी, दुखरी जागा डॉक्टरांना दाखवावी. पण विश्रांती आणि खाडा यांत फरक आहे. तीन आठवड्यांची विश्रांती जखम भरून काढते. चार महिन्यांचा खाडा नवी जखम तयार करतो. अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये २०११ साली मालक-खेळाडू वादामुळे मार्च ते जुलै टाळेबंदी झाली. साधारण साडेचार महिने, म्हणजे आपल्या चातुर्मासाएवढा काळ, खेळाडूंना संघाच्या मैदानाची आणि प्रशिक्षकांची दारे बंद होती. टाळेबंदी उठल्यावर सराव शिबिरांच्या पहिल्या बारा दिवसांत टाचेमागची मोठी शीर, म्हणजे ॲकिलिस, फाटल्याच्या दहा घटना घडल्या आणि पुढच्या सतरा दिवसांत आणखी दोन. तिथे सगळी साधने, सगळे वैद्य हजर होते. स्नायू काही आठवड्यांत जागे होतात, स्नायूबंध तेवढ्या वेगाने होत नाहीत, आणि वर काही किलो वाढलेले असतील तर प्रत्येक उडीला तो भार त्याच बंधांवर येतो. दिवाळीनंतर आपल्या मैदानांवर घोटे आणि गुडघे का जातात, याचे कारण शोधायला फार लांब जायला नको.

कबड्डीत वजनाचा प्रश्न दिसण्यापुरता नाही, तो खेळायला मिळण्याचा आहे. वरिष्ठ गटात पुरुषांना ८५ आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा असते, कुमार-किशोर गटांना त्याहून कमी, आणि गावोगाव ठरावीक किलोच्या आतल्या स्पर्धा भरतात. चार महिने वाढलेले वजन मग चार दिवसांत उतरवायचे ठरते. अंगावर रेनकोट आणि त्यावर जाकीट चढवून भर दुपारी पळायचे, आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद, घसा कोरडा पडला तरी तोंडातली लाळ थुंकत राहायची, आणि काट्यावरून उतरल्याबरोबर दोन बाटल्या पाणी एका दमात प्यायचे. हे उतरलेले वजन चरबी नसते, पाणी असते. त्याची किंमत काय असू शकते हे १९९७ साली दिसले. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरच्या अवघ्या काही आठवड्यांत अमेरिकेतले तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना मरण पावले, आणि तिथले नियम बदलावे लागले. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट कुस्तीच्या ५० किलो गटाच्या अंतिम लढतीला अवघ्या १०० ग्रॅमने मुकली. रात्रभर सगळे उपाय करूनही ते १०० ग्रॅम गेले नाहीत. जगातले उत्तम वैद्यकीय पथक पाठीशी असताना ही अवस्था, तर गावच्या मंडळातल्या अठरा वर्षांच्या मुलाने हा खेळ खेळूच नये.

वजन उतरवायचेच असेल तर त्यासाठी पावसाळ्याइतका योग्य काळ नाही, कारण त्याला वेळ लागतो आणि वेळ याच दिवसांत असतो. नॉर्वेच्या उच्च दर्जाच्या खेळाडूंवर २०११ मध्ये झालेला अभ्यास इथे मार्गदर्शक आहे. एका गटाने आठवड्याला शरीरवजनाच्या ०.७ टक्के या संथ गतीने वजन उतरवले, दुसऱ्याने दुप्पट वेगाने, आणि दोघांनीही सोबत वजनांचा व्यायाम केला. संथ गटाची चरबी उतरली आणि स्नायू उलट दोन टक्क्यांनी वाढले. वेगवान गटाला स्नायूंत तशी वाढ मिळाली नाही. ऐंशी किलोच्या खेळाडूला हे आठवड्याला साधारण अर्धा किलो पडते. सहा किलो कमी करायचे तर बारा आठवडे. जुलैच्या सुरुवातीला लागलेला माणूस सप्टेंबरअखेर तिथे पोचतो, पाणी न तोडता. अर्ध्या किलोसाठी रोज सुमारे साडेपाचशे कॅलरींची तूट लागते. ती काही ताटातून, काही मेहनतीतून काढता येते. यावर मध्यरक्षक आणि कोपरारक्षक म्हणतात की आम्हाला वजन लागतेच, हलका माणूस पकड टिकवू शकत नाही. खरे आहे. पण पकड टिकवतो तो मांडीचा आणि पाठीचा जोर. पोटाभोवतीचा वाढीव घेर चढाईपटूला धरून ठेवत नाही, तो फक्त कोपऱ्यातून उठायला उशीर करतो.

म्हणूनच एकट्या काट्यावर विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच शेजारी-शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी कशी लपलेली असते, हे याज्ञिकांनी आयुष्यभराच्या कामातून दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही आशियाई लोकांसाठी धोक्याची पहिली खूण बीएमआय २३ वर ठेवली. खेळाडूच्या बाबतीत तर काटा दोन्हीकडून फसवतो. स्नायू वाढले तरी तो पुढे जातो आणि स्नायू झडून चरबी भरली तर जागचा हलत नाही. शिंप्याची मापाची पट्टी बेंबीभोवती धरली तर ती जास्त खरे बोलते. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही ओलांडू नये अशी रेषा. वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूने तर तिच्या बऱ्याच अलीकडे असावे.

ताटाकडे येताना या भागाचा पावसाळी आहार नीट पाहायला हवा, कारण तो महिन्यागणिक बदलतो आणि आहाराचे छापील तक्ते त्याला ओळखत नाहीत. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी आटते आणि फडताळातले सुके बोंबील, जवळा, सुकट बाहेर येतात. सुक्या बोंबलात वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिन असते. कोणत्याही डब्यातल्या पावडरीला लाजवील असे हे अन्न आहे, फक्त मीठ लावलेले असेल तर दोनदा पाण्यातून काढून घ्यावे. याच सुमारास पनवेलच्या बाजारात आदिवासी बाया शेवळे, टाकळा, कुर्डू, कंटोळी घेऊन बसतात. पोट भरणाऱ्या आणि कॅलरी कमी असणाऱ्या याहून चांगल्या भाज्या मिळणे कठीण. मग आषाढाचा शेवट, कोंबडी-मटणाच्या पंगती. आणि लगेच श्रावण, जिथे खेळाडूचा खरा तोटा होतो. मासळी-मटण बंद होते, त्याची जागा डाळ-उसळीने भरली जात नाही, भाताने भरली जाते. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे पिष्ट आणि तेल. पाठोपाठ गणपतीचे मोदक. ज्याला स्नायू राखून चरबी उतरवायची आहे त्याला शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिन लागते. ऐंशी किलोच्या माणसाला १२८ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असते, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीसच्या आसपास, शंभर ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये वीसच्या थोडे वर. हिशेब केला तर कळते की श्रावणातले ताट निम्म्यावरही पोचत नाही. श्रावण मोडा असे कुणी सांगू नये, त्याची गरजही नाही. वाल, मूग, चवळीची उसळ, दही, पनीर, भाजलेले शेंगदाणे आणि चणे यांवर तो महिना निभतो. भातही सोडायला नको. ताटात आधी उसळ-भाजी वाढून घ्यावी, मग भात, आणि दुसऱ्यांदा भात घेण्याआधी थांबावे. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साडेतीनशेच्या घरात कॅलरी असतात, म्हणजे दोन वेळचा दुसरा वाढा टाळला तर तुटीतला बराच भाग तिथेच निघतो.

तळोज्यातल्या पुष्कळ खेळाडूंची खरी अडचण पाळीची आहे. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आलेल्या मुलाला आहार आणि व्यायाम शिकवणे सोपे आहे, त्याने झोपावे कधी हे कुणी सांगत नाही. २०१० मध्ये शिकागोत दहा जणांवर झालेल्या एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात तीच माणसे तोच कमी आहार घेऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणावर ठेवली. वजन दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच उतरले. पण कमी झोपेत चरबीची घट निम्म्याहून जास्त घटली आणि त्या जागी स्नायू गेले. म्हणून रात्रपाळीच्या आठवड्यात आहारात काटछाट करू नये, तो आठवडा फक्त राखणीचा मानावा, आणि उतरवण्याचे काम दिवसपाळीच्या आठवड्यात करावे. बारा आठवड्यांचे सोळा झाले तरी चालेल.

राहिला जागेचा आणि हवेचा मुद्दा. इथे मोकळ्यात श्वास कसा घ्यायचा, असे लोक विचारतात आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये कासाडी नदीच्या परिसरात निळे पडलेले कुत्रे ज्यांनी पाहिले त्यांना तो विचारण्याचा हक्क आहे. त्या प्रदूषणाविरुद्धची लढाई वेगळी, आणि ती लढलीच पाहिजे. पण धुळीचे कण पावसाने खाली बसतात, त्यामुळे हिवाळ्याच्या तुलनेत पावसाळ्यातली हवा त्या दृष्टीने बरी असते. ज्या संध्याकाळी रसायनांचा उग्र वास दाटतो त्या दिवशी मेहनत घरात करावी. साचलेल्या पाण्यात आणि चिखलात अनवाणी खेळण्याचा मोह मात्र टाळावा. पायाला खरचटलेले असेल तर लेप्टोचा धोका खरा आहे. पांडवकडा धबधब्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात बंदी असते ती उगाच लावलेली नसते, तिथे माणसे वाहून गेली आहेत. जागा घराजवळच आहे. तळोज्याच्या दोन्ही फेजमध्ये उंच इमारती उभ्या आहेत आणि प्रत्येकीत जिना आहे. ऐंशी किलोचा माणूस दहा मजले, म्हणजे तीस मीटर चढला की सुमारे पंचवीस कॅलरी जातात आणि छाती भरून येते. चढताना जिना, उतरताना लिफ्ट, कारण गुडघ्यांना उतार जास्त बोचतो. असे आठ फेरे म्हणजे हिक्सनने सांगितलेले तीव्र सत्र. बाकी कामाला सोसायटीची खालची पार्किंगची जागा किंवा गावच्या देवळाचा सभामंडप पुरतो. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पावसाने उघडीप दिली की पेठाली-तळोजा स्थानकापासून तिसऱ्या थांब्यावर खारघरचे सेंट्रल पार्कही आहे.

साधनांसाठी अडून बसण्याची परंपरा आपली नाहीच. कोल्हापूरच्या तालमींना छप्पर असते ते उगाच नाही. जत्रांची मैदाने थंडावली की आत जोर, बैठका आणि लढती चालू राहतात, आणि खुराक चालू ठेवून मेहनत थांबवणाऱ्या पैलवानाचे काय होते हे प्रत्येक वस्तादाला ठाऊक असते. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी नमस्कारांचा जो प्रसार केला, त्यात माणसाला साडेतीन हात लांबीच्या जागेपलीकडे काही लागत नव्हते. मुंबईच्या क्रिकेटने तर १९४८ पासून कांगा लीग ऐन पावसाळ्यात भरवली आणि ओल्या, उसळत्या खेळपट्टीवर खेळणे हीच पुढच्या हंगामाची शाळा केली. गावोगावची गोविंदा पथके गुरुपौर्णिमेपासून थर लावायला लागतात, त्यात कबड्डीचेच कितीतरी गडी असतात. त्या सरावाला जोडून पंधरा मिनिटे दोरीउड्या आणि बैठका घातल्या तर वेगळा वेळ काढायला नको. हेल्मेट आणि खालची गादी मात्र सरावालाही हवी.

हे एकट्यादुकट्या खेळाडूच्या निर्धारावर सोडले तर जमणार नाही. लावणी कुणी एकट्याने करत नव्हते. आज ती जागा घेऊ शकते ती गावची क्रीडा मंडळे. त्यांच्याकडे मुले आहेत, खोली आहे, आणि एक तारीखही आधीपासून आहे. बुवा साळवी यांची जयंती म्हणून १५ जुलैला महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो, बरोबर पावसाळ्याच्या पोटात. त्या दिवशी प्रतिमेला हार घातला जातो, ज्येष्ठ खेळाडूंचा सत्कार होतो. त्याच सकाळी खोलीत एक काटा आणि एक मापाची पट्टी ठेवावी. मुलामुलींची वजने, कमरेचे घेर, आणि जिन्याच्या दहा मजल्यांना लागलेला वेळ वहीत लिहून घ्यावा. महिन्याने पुन्हा, घटस्थापनेला पुन्हा. कबड्डी दिनापासून दिवाळीपर्यंत वर्षानुसार चौदा ते सतरा आठवडे मिळतात. सहा किलो सावकाश उतरवायला ते पुरतात, आणि वर दोन आठवडे श्रावणाला आणि गणपतीला देताही येतात.